फियाटच्या पोटाखालचा मूळ रंग: दर वेळी वेगळं उत्तर येत असेल तर

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर चढवायची, पुठ्ठा टाकून खाली सरकायचं आणि टॉर्च मारायचा. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच होतं. मग एका जागी खरवडलं की लाल निघतो, वीतभर पुढे खरवडलं की राखाडी. दारांच्या खालच्या कडेपाशी बॉडीचाच रंग, आणि उरलेल्या सगळ्या पोटावर डांबराचा जाड काळा थर. पेंटरला विचारावं तर तो म्हणतो, ‘साहेब, खाली कोण वाकून बघतंय? काळा मारून टाकू.’ एखाद्या जाणकाराला विचारावं तर तो छातीठोकपणे सांगतो की कंपनीतून लालच यायचा. दुसरा तितक्याच ठामपणे राखाडी सांगतो. दोघंही खोटं बोलत नसतात, आपापल्या गाडीखाली त्यांनी तेच पाहिलेलं असतं.

माझी गाडी १९६९ची फियाट ११०० डिलाइट, म्हणजे पुढे जिची पद्मिनी झाली तीच, कुर्ल्याच्या कारखान्यातली. हिच्या फ्लोअरचा रंग मी तीनदा ‘शोधून काढला’ आणि तिन्ही वेळा तोंडावर पडलो. पहिल्यांदा लाल ठरवला, मग राखाडी, मग कॉफीत दूध जास्त झाल्यासारखा काहीतरी. चौथ्यांदा हाती लागलं ते पुन्हा लालच, पण पहिला लाल नव्हे. शाळेत गुरुजी म्हणायचे ना, उत्तर बरोबर पण रीत चूक, म्हणून शून्य. तसं झालं होतं.

गोंधळ कुठे होतो, तर आपण ‘खालचा रंग कोणता’ असं विचारतो. पोटाखाली एक रंग नसतोच. तिथे कामाचा क्रम असतो. पत्रे आधी कोरे जोडले जातात, स्पॉट वेल्डिंगने. मग प्राइमर, म्हणजे पत्र्यावरचा पहिला अस्तराचा थर. मग वरचा रंग, जो बाहेरून मारला जातो आणि कडेकडेने खाली उडतो. त्यानंतर ब्रेकचे पाइप, क्लिपा, रबरी बुचं, पाटे (मागच्या स्प्रिंगा). गाडी गिऱ्हाईकाच्या हातात गेली की कुणीतरी डांबर फासतो. मग पन्नास वर्षांचे पावसाळे, गळती, पॅच, आणि प्रत्येक पॅचबरोबर गॅरेजवाल्याकडे त्या दिवशी जो डबा उघडा होता तो रंग. गाडीचं पोट ही दाखवायची बाजू कधीच नव्हती. वाड्याच्या मागच्या भिंतीला उरलेला चुना लावतात, तसाच प्रकार.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत फोर्डच्या साठच्या दशकातल्या मस्टँग तीन कारखान्यांत बनत आणि पोटाखालचा रंग कारखान्यागणिक, काळागणिक बदलतो. कुठे रेड ऑक्साइड, म्हणजे विटकरी लाल प्राइमर, तर कुठे शिल्लक राहिलेले रंग एकत्र ढवळून केलेला राखाडी. तिथली रिस्टोअर करणारी मंडळी आधी गाडी कुठल्या कारखान्यातली ते विचारतात आणि मगच रंगाबद्दल बोलतात. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा फोटो दाखवून आपल्या गाडीचा रंग ठरवू नका. आपली गाडी स्वतः काय सांगते ते बघायचं.

आधी धुऊ नका

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. मी शहराबाहेरच्या एका वर्कशॉपला गाडी ‘खालून जरा बघून ठेवा’ म्हणून दिली. त्यांनी प्रेमाने प्रेशर वॉश मारला आणि वर डाव्या बाजूचं फ्लोअर सँडब्लास्ट करून चकाचक करून दिलं. पांढराशुभ्र पत्रा. बिलात त्याचे पैसेही लावले. त्या अर्ध्या गाडीची सगळी साक्ष वाळूबरोबर गेली. ऑगस्ट होता, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शुभ्र पत्र्यावर हळद सांडल्यासारखा गंज आला होता, तो वेगळाच. रंग कोणता होता हे माहीत नसताना ब्लास्टिंग, कॉस्टिक, पेंट रिमूव्हर यातलं काहीही गाडीखाली जाऊ देऊ नका. लेखी सांगा. फोनवर ‘हो हो’ म्हणणारे सगळेच ऐकत असतात असं नाही.

आधी कोरड्या ब्रशने माती झाडा आणि फोटो काढा, प्रत्येक फोटोत मोजपट्टी किंवा निदान रुपयाचं नाणं ठेवून. मग खडूने फ्लोअरचे सहा-आठ चौकोन पाडा, त्यांना नंबर द्या. पुढे ‘हा राखाडी कुठे निघाला होता’ हे आठवत नाही, खात्रीने सांगतो.

काळा थर कुणाचा?

कंपनीने लावलेला की नंतर फासलेला, हे पाच मिनिटांत कळतं आणि तरी कुणी बघत नाही. ब्रेकच्या पाइपची क्लिप शोधा. काळा थर क्लिपवरून, स्क्रूच्या डोक्यावरून, पाइपावरून सरळ गेला असेल, तर तो गाडी जोडून झाल्यावर लागला. शोरूममध्ये असेल, मालकाने असेल. तोच थर क्लिपच्या खाली, क्लिप आणि पत्रा यांच्या मध्ये सापडला, तर तो जोडणीच्या आधीचा, म्हणजे कारखान्यातला. माझ्या गाडीत डांबराने स्क्रूच्या खाचासुद्धा बुजवल्या होत्या. पाइपावरून ओघळ गेलेले होते. म्हणजे नंतरचं. एवढ्यावरून ‘काळा मारू’ हा पेंटरचा सल्ला निकालात निघाला.

डांबर काढायला स्टीलचं पातं नको. हीट गन कमी तापमानावर, मऊ पडलं की लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी, आणि उरलेल्या पापुद्र्याला टर्पेंटाइन नाहीतर रॉकेल लावलेलं फडकं. भट्टीत भाजलेल्या रंगाला रॉकेल काही करत नाही. घाईत थिनर लावलात तर डांबराबरोबर खालचा थरही निघून यायची भीती. आत, गालिच्याखाली, आवाज दाबायला चिकटवलेले डांबरी पट्टे असतील तर कोरड्या बर्फाचा उपाय छान चालतो. उणे ७८ अंशांना पट्टा काचेसारखा होतो, हलक्या हातोडीने टिचकी मारली की तुकडे पडतात. दारं उघडी ठेवा मात्र, त्या बर्फातून सुटणारा वायू बंद जागेत गुदमरवतो. आणि हातमोजे.

मास्कबद्दल एकदाच सांगतो. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं आणि काही जुन्या अंडरकोटिंगमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घालत. कोरडं घासायचं नाही. पाणी घेऊनच घासा, चिखल फडक्याने पुसून पिशवीत टाका. पार्किंगमध्ये पोरं खेळत असतात.

लाल निघाला म्हणून पेढे वाटू नका

माझा पहिला लाल ड्रायव्हरच्या पायाखाली निघाला. खणखणीत, विटकरी, अगदी पटेल असा. ते फ्लोअरच मुळात बदललेलं होतं हे मला वेल्डिंग बघेपर्यंत सुचलं नाही. कारखान्याचा स्पॉट वेल्ड म्हणजे पत्र्यात ठरावीक अंतरावर गोल, उथळ खळगे, शर्टाच्या बटणांच्या ओळीसारखे. गॅरेजमधला जोड म्हणजे गॅस वेल्डिंगची वळवळती रेघ, बाजूचा पत्रा तापून लाटालाटांचा झालेला, कधी पितळेची पिवळी झाक. जिथे खळग्यांची ओळ अखंड आहे त्याच पत्र्याचा नमुना धरायचा. जिथे रेघ दिसली तिथला रंग कितीही देखणा असला तरी तो आपला नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा रेड ऑक्साइड प्रत्येक गॅरेजने गेली साठ वर्षं वापरलाय. तो जिथे तिथे सापडणारच.

आता नमुना घ्यायचा कुठून? जिथे ऊन, दगड आणि दुसऱ्या पेंटरची स्प्रे गन, तिन्ही पोचले नाहीत तिथून. ब्रेक पाइपच्या आणि हँडब्रेकच्या केबलच्या क्लिपांखाली, फ्लोअरच्या रबरी बुचांच्या ओठाखाली, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटमागे. मी निवडली ती उजव्या बाजूची, मधोमध असलेली एक क्लिप. स्क्रू सुटायला दोन दिवस डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारं तेल) पीत होता. क्लिप निघाली तेव्हा तिच्याखाली बोटाच्या पेराएवढी पट्टी होती, इतकी स्वच्छ की वाटलं काल रंगवली. तपकिरीकडे झुकणारा लाल, पातळ, जवळजवळ मॅट. गॅरेजच्या लालापेक्षा अंधारा आणि बारीक. शेजारी दोन्ही ठेवून बघितले तेव्हा कळलं की ‘रेड ऑक्साइड’ हे आडनाव आहे, नाव नाही.

एका पट्टीवर विश्वास ठेवू नका. किमान तीन जागा हव्यात, एकमेकींपासून लांब, आणि तिन्ही ठिकाणी थरांचा क्रम तोच निघायला हवा.

क्रम बघण्यासाठी वॉटर पेपर. पुण्यात बोहरी आळीत ४०० पासून २००० नंबरपर्यंत सगळे मिळतात. बोटाभोवती ४०० चा तुकडा गुंडाळून पाणी घेत एकाच बिंदूवर पत्रा दिसेपर्यंत घासा, मग ८००, १२००, २००० ने कडा पसरवत न्या. प्रत्येक थर केसापेक्षा जाड नसतो, पण असा तिरका कापला गेला की दोन-तीन मिलीमीटरच्या कड्यासारखा दिसतो. मध्ये चमकणारा पत्रा आणि भोवती एकेक वर्ष. माझ्या गाडीच्या सिलपाशी, म्हणजे दाराखालच्या आडव्या पट्टीपाशी, मधून बाहेर असा क्रम निघाला: पत्रा, तपकिरी लाल, फिकट हिरवट काहीतरी, जाड राखाडी, मग पांढरा, शेवटी काळा. दुसऱ्या चुकीचा राखाडी सापडला तो इथेच, फिकट हिरवटाच्या वर. वरच्या रंगाच्याही वर बसलेला सरफेसर, म्हणजे नव्या रंगाआधी मारायचा भरावाचा थर, मूळचा कसा असेल? मी फक्त खरवडून बघितलं होतं, क्रम बघितलाच नव्हता.

ज्याला आणखी खोलात जायचंय त्याने एक खपली जपून उचलावी, औषधाच्या बाटलीच्या झाकणात उभी धरून वर अरल्डाइट ओतावं आणि दुसऱ्या दिवशी तो गोळा आडवा घासून कापलेली कड भिंगाखाली बघावी. संग्रहालयातले लोक जुन्या चित्रांचे थर बघायला हीच पद्धत वापरतात. माझं भिंग घड्याळजीचं, दहापट, जुन्या बाजारातून एका रविवारी घासाघीस करून घेतलेलं. त्याच्याखाली तो प्राइमर आणि वरच्या रंगाची उडालेली धूळ वेगवेगळी दिसली, धुळीचे कण सुटे, एकमेकांना न चिकटलेले. गनमधून लांबून उडालेला रंग हवेतच अर्धा वाळतो, म्हणून तो असा कोरडा बसतो. सरळ समोरून मारलेला थर सलग असतो. सिलपासून आत हा कोरडा रंग साधारण वीतभर येऊन विरत गेलेला होता. पोटाचा मधला भाग नुसता प्राइमर.

थिनरची परीक्षा

घासूनही शंका उरली तर कापसाचा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून दहा सेकंद दाबून धरा. रंग विरघळून बोळ्यावर आला तर तो एनसी किंवा ॲक्रिलिक लॅकर, म्हणजे बहुतेक गॅरेजचं काम. आपल्याकडे कुठल्याही गाडीच्या रंगाला जो ‘ड्युको’ म्हणतात तो मुळात असाच लॅकर, ड्यूपाँटने १९२३ च्या सुमारास आणलेला. स्प्रे कॅनचा रंग तर लगेच पाघळतो. हवेवर वाळलेला सिंथेटिक इनॅमल विरघळत नाही, त्याला सुरकुत्या पडतात, फुगतो. भट्टीत भाजलेला इनॅमल ढिम्म राहतो, फार तर चमक उतरते. पण आजचा टू-के पीयूसुद्धा, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, ढिम्मच राहतो, त्यामुळे ही परीक्षा एकटी पुरत नाही, क्रमाबरोबरच धरायची. माझा जाड राखाडी बोळ्यावर अर्धा उतरला. तपकिरी लाल हललाही नाही.

नमुना खरा, तरी शेड जुळत नाही

माझी तिसरी चूक याच जातीची. जागा बरोबर होती, थर बरोबर होता, रंग चुकीचा. फ्लोअरला बोल्टने बसवलेलं एक छोटं झाकण काढलं, त्याच्या कडेवर वरचा रंग होता, तो मी जुळवायला दिला. कॉफीचा रंग आला.

कारण एक, डांबर. ते वर्षानुवर्षं फिकट रंगात झिरपतं आणि त्याला तपकिरी करतं. पुसून जात नाही. म्हणून डांबराखालचा नमुना रंगासाठी घेऊच नये, क्रमासाठी घ्यावा.

कारण दोन, अंधार. हे पटायला मला वेळ लागला. आपल्याला वाटतं झाकलेला रंग म्हणजे जसाच्या तसा राहिलेला. उन्हाने उडत नाही हे खरं, पण तेलापासून बनलेले जुने इनॅमल अंधारात पिवळे पडतात. पांढऱ्या आणि फिकट छटांवर ते सर्वात जास्त दिसतं. आणि गंमत म्हणजे उजेडात ठेवलं की हा पिवळेपणा बराचसा मागे सरतो. मी त्याच झाकणाच्या दुसऱ्या कडेवर, जिथे डांबर पोचलं नव्हतं, अर्ध्या भागाला काळी चिकटपट्टी लावली आणि ते पूर्वेच्या खिडकीत ठेवलं. घरचे म्हणाले, ‘हे काय देवापुढे ठेवलंयस?’ बारा दिवसांनी पट्टी काढली तर झाकलेला अर्धा होता तसाच हिरवट आणि उघडा अर्धा निळसर राखाडी. राखाडीवर पिवळं चढलं की हिरवट दिसणारच. मग आरसी बुक काढलं. रंगाच्या रकान्यात सरळ ‘ग्रे’ लिहिलेलं होतं. ते आधी बघायला हवं होतं, हे कबूल.

कारण तीन, ट्यूबलाइट. दोन रंग दुकानातल्या दिव्याखाली एकरूप दिसतात आणि उन्हात आणले की भांडतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. नमुना रबिंग कंपाउंडने हलकासा साफ करा आणि सकाळी दहाच्या सुमारास, सावलीत पण मोकळ्या आकाशाखाली जुळवा. मशीनने शेड मोजून देणारे पुण्यात भरपूर आहेत, पण त्या मशीनला सपाट, निदान नाण्याएवढी जागा लागते. क्लिपखालच्या पट्टीवर ते मशीन डोलतं आणि काहीतरी आकडा फेकतं. सुटणारा भाग न्या, नाहीतर डोळ्यावर विसंबा.

डोळ्याने करायचं तर रंगपट्टी हवी. लालासाठी मी आरएएल या युरोपीय रंगपट्टीतल्या ३००९ पासून सुरुवात केली, त्याचं नावच ऑक्साइड रेड आहे. राखाडीसाठी आपल्या आयएस ५ या भारतीय मानकाच्या रंगपट्टीतल्या ६३१ लाइट ग्रेपासून. ही उत्तरं नाहीत, इथून कुठल्या दिशेला जायचं ते पेंटरला सांगता येतं, इतकंच. ‘जरा काळपट’ आणि ‘जरा तपकिरी’ यांवर दोन माणसांचं एकमत होणं कठीण, पण पट्टीवर बोट ठेवलं की वाद संपतो.

मारताना

यात फार सांगण्यासारखं नाही. आत इपॉक्सी प्राइमर, वर त्याच शेडचा टू-के, आणि त्यात मॅटिंग एजंट, कारण मूळ प्राइमर चकचकीत नव्हता. चमकणारं पोट लांबूनच नवं दिसतं. आधी भंगारातल्या पत्र्यावर पूर्ण थर देऊन वाळू द्या, ओला रंग बघून ‘हां, हाच’ म्हणू नका. मडगार्डच्या आत दगड लागतात, तिथे स्टोन चिपचा, म्हणजे दगडांचा मार सोसणारा रबरासारखा थर द्या आणि त्यावर शेड मारा. बंद पोकळ्यांत मेण. मूळपणाच्या नावाखाली गाडी कुजू देण्यात अर्थ नाही.

बॉडीचा रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करावी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. पोटाखाली काय मारता याच्याशी त्याचा संबंध नाही. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजची ‘व्हीए’ मालिका मिळू शकते, पण त्यात चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार नको अशी अट आहे. फ्लोअर कापून नवं घालायच्या आधी ती वाचा.

सर्वात अवघड गेलं ते कडेचा उडालेला रंग परत आणणं. आमच्या पेंटरला, सगळे त्यांना मामाच म्हणतात, मी सांगितलं की सिलपासून वीतभर राखाडी उडवायचा आणि मग सोडून द्यायचा. मामा आयुष्यभर मास्किंग करून उडणारा रंग थांबवत आलेले. ‘साहेब, हे तर खराब काम झालं,’ म्हणाले. मी फोटो दाखवला, नाणं ठेवलेला. त्यांनी गन लांब धरली, हवेचा दाब वाढवला आणि जाताजाता मनगट एकदा झटकलं. वाळल्यावर हात फिरवला तर खरखरीत, जुन्यासारखाच. ‘कुणाला सांगू नका मी मारलाय म्हणून,’ एवढंच म्हणाले.

उजव्या बाजूची ती क्लिप मी परत बसवली. तिच्याखालच्या पेरभर पट्टीवर काहीही मारलेलं नाही, नुसतं मेण आहे. पुढच्याने शंका काढली तर स्क्रू सोडून बघावं. या वेळी तो सहज सुटेल, तांब्याचं ग्रीस लावलंय.